येळवशीला आठ दिवस

(दृश्य: औसा तालुक्यातलं एक गाव. डिसेंबरची सकाळ. ओसरीवर तुरीच्या शेंगांचा ढीग, त्यापाशी बसलेल्या आजी.)

"आजी, आज तारीख किती?"

"मला काय ठावं, बाई."

"महिना कोणता चालू आहे?"

"ठावं न्हाई."

"बरं, येळवस कधी आहे?"

"आठ दिसावर आली की!"

निवेदन:

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्ष अमावास्येला शेतात साजरा होणारा इकडचा सण. आजी सत्तरी ओलांडलेल्या. शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. भिंतीवरचं कॅलेंडर नातवाचं. आजींचे दिवस अमावास्या, पेरणी आणि सणवारावर मोजले जातात. छापील प्रश्नांच्या हिशेबाने पहिल्या दोन उत्तरांना शून्य गुण. तिसऱ्या उत्तरातून मात्र कळतं, काळाचं भान जाग्यावर आहे.

चाचणी घेणाऱ्या ताई न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहेत. मेंदूच्या किंवा मनाच्या आजारात स्मरण, लक्ष, भाषा आणि मनःस्थिती कुठे आणि कशी बदलते, हे ताडून पाहणं त्यांचं काम. सूनबाईंनी त्यांना बोलावलं, कारण सासूबाई भाजीत दोनदा मीठ घालतात, चुलीवर दूध ठेवून विसरतात. शेजारपाजारचे म्हणाले, "साठी बुद्धी नाठी, चालायचंच." ह्या एका म्हणीपायी आपल्याकडे किती म्हाताऱ्या माणसांना दवाखान्याची पायरी दिसलेली नाही! बुद्धी नाठी झाली असेल, तर का झाली हे कुणी विचारतच नाही.

विचारायचं कसं, हाही प्रश्नच. स्मृतिभ्रंशासाठी जगभर वापरली जाणारी तीस गुणांची चाचणी 1975 साली अमेरिकेत तयार झाली. तिच्यात कागदावरचं वाक्य वाचून तसं करायचं असतं, स्वतः एक वाक्य लिहायचं असतं. ज्या हाताने आयुष्यभर खुरपं धरलं, पेन्सिल कधी धरली नाही, त्या हाताचे गुण इथेच जातात. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाचणी हिंदीत नव्याने बांधली. 1995 साली ती प्रसिद्ध झाली. "डोळे मिटा" हे वाचायला देण्याऐवजी चाचणी घेणाऱ्याने स्वतः डोळे मिटून दाखवायचे, "मी करते तसं करा" म्हणायचं. वाक्य लिहायच्या जागी घराबद्दल काहीतरी सांगायचं. बदल एवढेसे दिसतात, पण त्यामुळे मोजमाप शाळेचं न राहता मेंदूचं होतं.

(दृश्य: आजींचा चेहरा, जवळून.)

ताईंनी तीन शब्द सांगितले: आंबा, बैल, घागर. आजींनी ते लगेच म्हणून दाखवले. मग वार उलटे म्हणायला लावले, मग दुसऱ्या गप्पा. थोड्या वेळाने विचारलं, "मघाचे शब्द कोणते होते?"

आजी खाली बघत राहिल्या. "आठवंना."

"एक फळ होतं, आजी."

"...आंबा."

"पाणी भरायचं भांडं?"

"घागर."

इथे क्षणभर थांबायला हवं. अल्झायमर ह्या स्मृतिभ्रंशाच्या आजारात हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लवकर झिजतो. नवी गोष्ट आत साठतच नाही, मग खूण सांगूनही फारसा उपयोग होत नाही. नैराश्यात पुष्कळदा उलटं असतं. गोष्ट आत असते, पण ती शोधून वर आणायचं बळ राहत नाही. खूण दिली की सापडते. अल्झायमर असलेला माणूस बऱ्याचदा ठोकून चुकीचं उत्तर देतो. नैराश्यातला माणूस "ठावं न्हाई" म्हणून सोडून देतो. एवढ्यावर निदान होत नाही. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. थायरॉइड, बी-12ची कमतरता, कमी ऐकू येणं, हेही तपासावं लागतं. पण पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, ते कळतं.

ताईंनी विचारलं, "करमतं का, आजी?"

"कशाचं करमतंय. खावं वाटंना, झोप येईना. भादव्यापासून असंच हाय."

भादव्यात आजोबा गेले. नैराश्य हा शब्द आजींच्या तोंडी कधी येणार नाही. जीव लागत नाही, डोकं गच्च होतं, अंगात बळ नाही, ह्याच भाषेत ते दुखणं बोलतं. अंगावरून वारं गेलेल्या माणसांचंही असंच होतं. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. घरचे त्याचा हात-पाय चोळत बसतात, मनाकडे बघायचं राहून जातं.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या शंभरांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. खेड्यांत प्रमाण जास्त, बायकांत जास्त. म्हणूनच आजींच्या ओसरीवर नेमकी चाचणी पोचणं मला फार गरजेचं वाटतं.

(दृश्य: चहाचे कप. ताई वही मिटतात.)

किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला. गणपती विसर्जनाची रात्र, मग पहाटेचा हादरा. 1993चं ते सगळं आजींनी न अडखळता सांगितलं. जुनी आठवण शाबूत असणं अल्झायमरच्या सुरुवातीलाही दिसतं, म्हणून ताईंनी त्यावर भिस्त ठेवली नाही. रक्त तपासायला आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवायला लातूरची चिठ्ठी दिली. उपचार सुरू झाले की हीच चाचणी पुन्हा घ्यायची. गुण वाढले, तर विसराळूपणात मनाच्या दुखण्याचा वाटा किती, ते कळेल.

"पाडव्याला येते परत," ताई म्हणाल्या.

आजींनी शेंग सोलता सोलता मान वर केली. "पाडवा झाल्यावर ये. तवर ज्वारी निघती, घरात कुणी गावणार न्हाई तुला."

ताईंनी वही पुन्हा उघडली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.