आठ कलांचा फरक

श्रोतेहो, नमस्कार.

११ नोव्हेंबर १५७२ची संध्याकाळ. डेन्मार्कमधल्या हेरेव्हाडच्या मठातल्या प्रयोगशाळेतून पंचवीस वर्षांचा एक तरुण रात्रीच्या जेवणाला परत निघाला होता. सवयीनं त्यानं वर पाहिलं आणि तो जागीच थबकला. शर्मिष्ठा तारकासमूहातल्या ओळखीच्या ताऱ्यांजवळ एक नवाच तारा, शुक्रासारखा झळाळत होता! स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून त्यानं बरोबरच्या नोकरांना विचारलं, वाटेनं जाणाऱ्या शेतकऱ्यांना विचारलं, "तिथं काही दिसतंय का?" त्यांनाही दिसत होतं.

हा तरुण म्हणजे खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे.

चंद्रापलीकडचं आकाश अढळ आहे, तिथं नवं काही जन्मत नाही, अशी अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेली समजूत होती. टायकोनं ती ताडून पाहायचं ठरवलं. डोळ्यांसमोर बोट धरून आळीपाळीनं एकेक डोळा मिटा. मागच्या भिंतीवर बोट सरकल्यासारखं दिसतं, कारण बघण्याची जागा बदलते. संध्याकाळी आणि पहाटे आकाशाकडेही आपण अशाच वेगवेगळ्या जागांवरून बघत असतो. नवा तारा चंद्राइतका जवळ असता, तर रात्रभरात तोही शेजारच्या ताऱ्यांमधून असाच सरकला असता. तो तसूभरही हलला नाही. म्हणजे बदल झाला होता तो थेट ताऱ्यांच्या दुनियेत.

पुढे १५७६मध्ये राजा दुसरा फ्रेडरिक यानं त्याला व्हेन नावाचं बेट दिलं. तिथं उभी राहिली उरानिबोर्ग वेधशाळा. मला तिथली एक भिंत फार आवडते. त्या भिंतीवर जवळपास दोन मीटर त्रिज्येचं पितळी पाववर्तुळ पक्कं बसवलेलं होतं आणि समोरच्या भिंतीत तारा बघायला झरोका. एकानं तारा टिपायचा, दुसऱ्यानं घड्याळ बघायचं, तिसऱ्यानं वहीत आकडा लिहायचा. वाऱ्यानं उपकरणं हलतात म्हणून त्यानं नंतर जमिनीखाली दुसरी वेधशाळा खोदून घेतली. दुर्बीण तेव्हा नव्हतीच. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. पूर्ण चंद्र सुमारे तीस कला रुंद दिसतो. टायकोची उत्तम मोजमापं एक-दोन कलांपर्यंत अचूक असत, तीही नुसत्या डोळ्यांनी!

पृथ्वी मात्र तो स्थिरच मानत राहिला. त्यासाठी त्याला कमी लेखणं मला पटत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांनी तारे थोडे सरकलेले दिसायला हवेत. त्याला ते सरकलेले दिसेनात. तारे किती प्रचंड दूर असतील, याची कल्पना तेव्हा कुणाला होती?

नव्या राजाशी बिनसलं, १५९७मध्ये त्यानं डेन्मार्क सोडलं आणि शेवटी तो प्रागला पोचला. तिथं १६००मध्ये केप्लर नावाचा जर्मन गणितज्ञ त्याच्याकडे आला. पुढच्याच वर्षी टायको गेला आणि मंगळाच्या वेधांच्या वह्या केप्लरच्या हाती आल्या. केप्लरनं वर्तुळावर मंगळाचं गणित बसवलं, पण वेधांशी आठ कलांचा फरक उरला. दुसऱ्या कुणाचे वेध असते, तर आठ कला सहज सोडून देता आल्या असत्या. हे टायकोचे होते. केप्लरनं आपलंच गणित मोडलं आणि पुन्हा मांडायला घेतलं.

मंगळ लंबवर्तुळात फिरतो, हे त्यानं १६०९मध्ये छापलं, तेव्हा टायकोला जाऊन जवळपास आठ वर्षं झाली होती.