हार्वेचे पाच आवाज

मंडळी, सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जीव ओतून गायलेलं लोकप्रिय गाणं, म्हटलं की आपल्याकडे दोनच गावं तोंडी येतात, डेट्रॉइट आणि मेम्फिस. मोटाउन कंपनी डेट्रॉइटची, स्टॅक्स मेम्फिसची. शिकागोचं नाव निघालंच तर ते ब्लूजसाठी. आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते तर धड शिकागोचेही नाहीत. शिकागोच्या दक्षिणेला हार्वे नावाचं कारखान्यांचं उपनगर आहे, तिथल्या थॉर्नटन टाउनशिप हायस्कूलमधली ही पोरं. गटाचं नाव ‘द डेल्स’. माझं म्हणणं असं, की डू-वॉपचं सोल कसं झालं हे कानांनी समजून घ्यायचं असेल, तर मोठमोठ्या नावांच्या आधी यांना ऐकावं. हे स्थित्यंतर एकाच गटाच्या गळ्यात ऐकायला मिळणं तसं दुर्मीळ.

ही मंडळी शाळेत असतानाच, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, एकत्र गायला लागली. दक्षिणेकडची हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं इलिनॉय सेंट्रल रेल्वेनं शिकागोकडे आली होती, कामाच्या शोधात आणि तिकडच्या जाचाला कंटाळून. येताना चर्चमधलं गाणं सोबत आलं. वाद्यांना पैसे कुठले? मग चार-पाच पोरांनी कोपऱ्यावर उभं राहून नुसत्या गळ्यावर गायचं. तेच डू-वॉप.

इथे जरा थांबतो. आपल्या कानाला एका वेळी एकच गळा ऐकायची सवय. इथे मुख्य गायक शब्द म्हणतो आणि बाकीचे त्याच्या मागे एकाच क्षणी वेगवेगळे स्वर धरून उभे असतात. सगळ्यात खाली चक बार्क्सडेलचा बास, अगदी खर्जातला. त्याच्यावर मिकी मॅक्गिल, त्याच्यावर व्हर्न ॲलिसन. एक जण जरा चढला की सगळ्यांचं बेसूर होतं. पुढे मार्व्हिन ज्युनियर, भरदार, किंचित खरखरीत आवाजाचा बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा पुरुषी गळा. असा आवाज मागच्यांना सहज झाकून टाकू शकतो. डेल्सची खरी करामत ही, की मार्व्हिन गर्जत असतानाही मागचे चौघे वेगवेगळे ऐकू येतात.

१९५४ साली ‘एल-रेज’ या नावानं त्यांची पहिली तबकडी शिकागोच्या चेस कंपनीचे मालक चेस बंधू यांच्या चेकर लेबलवर, म्हणजे त्यांच्याच एका शिक्क्याखाली, निघाली. चालली नाही. मग नाव बदलून ते व्ही-जेकडे गेले. व्हिव्हियन कार्टर आणि जेम्स ब्रॅकन या कृष्णवर्णीय जोडप्यानं मोटाउनच्या कितीतरी आधी काढलेली ही कंपनी. बीटल्सच्या तबकड्या अमेरिकेत कॅपिटॉलच्या आधी यांनीच काढल्या, आणि तरीही १९६६मध्ये दिवाळं निघालं! तो एक वेगळ्याच व्याख्यानाचा विषय आहे. तर १९५६ साली व्ही-जेनं डेल्सचं ‘ओ व्हॉट अ नाइट’ काढलं. मार्व्हिन आणि गटातला पाचवा गायक जॉनी फंचेस यांनीच लिहिलेलं. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय श्रोत्यांमध्ये गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं.

आणि १९५८मध्ये गाडीला अपघात झाला. मॅक्गिलच्या पायाला जबर इजा झाली, गट मोडला. बार्क्सडेल काही काळ मूनग्लोज या दुसऱ्या गटात गायला, तिथे त्याच्या शेजारी मार्व्हिन गे नावाचा, पुढे सोलमध्ये गाजलेला, एक नवखा पोरगा होता. १९६०मध्ये पुन्हा जमले तेव्हा फंचेस नव्हता. त्याच्या जागी फ्लेमिंगोज या गटातला जॉनी कार्टर आला, पातळ, उंच फॉल्सेटोचा, म्हणजे गळा बारीक करून लावलेल्या वरच्या आवाजाचा धनी. मूळ गटात मार्व्हिनच्या ताकदीला उलट टोकाचं काही नव्हतं, ते आता मिळालं. पुढे हे पाच जण बदललेच नाहीत, ते थेट २००९पर्यंत, म्हणजे कार्टरच्या निधनापर्यंत. त्याच काळात इतर गटांतली माणसं किती वेळा बदलली ते आठवा.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते एकाच गाण्याबद्दल. ‘स्टे इन माय कॉर्नर’. वेड फ्लेमन्स, बॉबी मिलर आणि बॅरेट स्ट्राँग या तिघांचं. १९६५मध्ये व्ही-जेसाठी गायलेलं गाणं चांगलं आहे, नीटस आहे, रेडिओच्या मापाचं आहे. ऐकून होतं आणि आपण पुढच्या गाण्याकडे वळतो. १९६८मध्ये तेच गाणं त्यांनी चेसच्या कॅडेट लेबलसाठी पुन्हा गायलं. निर्माता बॉबी मिलर, वाद्यमेळ चार्ल्स स्टेप्नीचा. रेडिओवर तीनेक मिनिटांची गाणी चालायची त्या दिवसांत हे सहा मिनिटांच्या वर गेलं. स्टेप्नीनं व्हायोलिनं आणि ब्रास भरपूर वापरलेत, पण गाण्याला घाई म्हणून नाही. मार्व्हिन एक स्वर धरतो आणि सोडतच नाही. आपण इथे वाट बघतो की आता श्वास घेईल, आता घेईल. मग अलगद कार्टर वरून येतो. सुरेलपणा १९६५मध्येही होता. सबुरी १९६८मध्ये आली, आणि सोल माझ्या मते तिथे सुरू होतं. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत गाणं पहिलं आलं, पॉपच्या यादीत दहावं.

कंपनीला मग युक्ती सापडली. १९६९मध्ये ‘ओ व्हॉट अ नाइट’ही नव्यानं गायला लावलं, तेही पहिल्या क्रमांकावर. त्याच वर्षी लिओनार्ड चेस वारला, कंपनी विकली गेली. १९७३च्या ‘गिव्ह युअर बेबी अ स्टँडिंग ओव्हेशन’नंतर मोठं यश फारसं आलं नाही. डिस्कोच्या काळातल्या तबकड्यांबद्दल न बोललेलंच बरं.

रॉबर्ट टाउनसेंडच्या १९९१च्या ‘द फाइव्ह हार्टबीट्स’ सिनेमासाठी डेल्स सल्लागार होते. २००४मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. कार्टर तर फ्लेमिंगोजबरोबर आधीच गेलेला होता, म्हणजे त्याचा दुसऱ्यांदा.

आता दोन्ही तबकड्या लावतो. आधी १९६५ची. दुसरी लागली की पहिल्यांदा मार्व्हिनकडे लक्ष देऊ नका, खाली बार्क्सडेल काय करतोय ते ऐका. मार्व्हिन काय, तो ऐकू येणारच.