मामाची दोनशे पानी वही

नमस्कार मंडळी,

आज आपली मुलं ऐंशीच्या दशकातली गाणी स्टेजवर वाजवणार आहेत. मघाशी चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, "मूळ गाणी मोबाईलवर आहेत की, मग हे कशाला?" त्यावर मला बेळगावचं सांगायचं आहे.

1980 साली 'कुर्बानी' आला. 'आप जैसा कोई' गाणारी नाझिया हसन तेव्हा पंधरा वर्षांची, मी बारा. चाल बिद्दूंची, माणूस मूळचा बेंगळुरूचा, लंडनला जाऊन नाव काढलेला. पुढच्याच वर्षी त्या दोघांची 'डिस्को दीवाने' आली. आमच्या घरी टेप नव्हता. नाझियाचा खरा आवाज मी नीट ऐकला तो कितीतरी वर्षांनी. त्याआधी ते गाणं ऐकलं गणपतीत, गल्लीच्या तोंडाशी घातलेल्या स्टेजवर, शिवणकाम करणाऱ्या एका ताईच्या आवाजात. अंतऱ्यात लाईट गेली. ऑर्गन बंद, माईक बंद. पण ढोलकीवाल्यानं ठेका सोडला नाही. ताई स्टेजच्या कडेला आली, नुसत्या गळ्यानं गात राहिली आणि अख्खी गल्ली तिच्या मागून गायली. माझ्यासाठी मूळ गाणं तेच. नाझियाचं ऐकताना आजही माझे कान ताईच्या हरकती शोधतात.

माझा मामा बेळगावातल्या शहापूरचा. दिवसभर मागावर विणकाम, गणपतीत ऑर्केस्ट्रात. खडे बाजारातून कॅसेट भरून आणायची, मित्राच्या टेपवर लावायची, एक ओळ ऐकायची, थांबवायची, लिहायची, पुन्हा मागं घ्यायची. फीत सैल झाली की पेन्सिल घालून फिरवायची. श्वास कुठं घ्यायचा तिथं लाल शाईचा ठिपका. अशी दोनशे पानी वही भरली होती.

त्या वहीत एक कन्नड गाणं आहे, 1981 च्या 'गीता'मधलं 'जोतेयलि'. इळैयराजांची चाल, एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि एस. जानकी यांचा आवाज, पडद्यावर शंकर नाग. मामाला कन्नड बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. त्यानं सगळं देवनागरीत उतरवलं. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' आखूडही असतात, लांबही. आपल्या लिपीत तो फरक दाखवायची सोय नाही. म्हणून शेजारच्या कन्नड मास्तरांपुढं वही घेऊन बसला आणि प्रत्येक आखूड अक्षरावर बारीक फुली मारून घेतली. मास्तर म्हणायचे, "ओढू नकोस गा, तिथंच सोड."

1986 साली बेळगावात मराठी माणसांवरच्या कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झालं. ते दिवस इथल्या कित्येकांनी आपापल्या घरात सोसलेत, मी वेगळं काय सांगणार. त्या वर्षीच्या गणपतीतही मामानं ते गाणं म्हटलं. पुढं बसलेल्यांनी वन्समोअर दिला. मास्तर कडेला उभे होते, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत त्यांचे ओठ हलत होते. हे दृश्य मी माझ्या मुलांना अनेकदा सांगितलं आहे.

मोबाईलवरचं गाणं सुंदरच आहे. पण ते माझ्या मामाला ओळखत नाही.

मामा आता नाही. वही मामींनी जपली आहे. त्या पानाचा फोटो त्यांनी परवा पाठवला. तो छापून समोरच्या स्टँडवर लावला आहे, लाल ठिपके आणि फुल्यांसकट. पहिलं गाणं त्यावरूनच होईल. चला पोरांनो, सूर द्या.