अर्ध्या इंचाची ढिलाई

(एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘जुनी यंत्रे : चालवावीत की जपावीत?’ विषय मीच दिला होता, त्यामुळे त्यावर बोलणार आहेच. पण आधी मागच्या रांगेतल्या ज्येष्ठांना विचारते, खिडकीत बसून जाताना कोळशाचा कण डोळ्यात गेलेले किती जण आहेत इथे? हात वर करा. अरे वा, बरेच आहेत. म्हणजे वाफेचं इंजिन काय प्रकार असतो ते मला समजावत बसायला नको. तरुणांनी शेजारच्या काकांना विचारून घ्यावं. काका थांबले नाहीत तर जबाबदारी माझी नाही.

इंग्लंडच्या ग्रामीण भागातलं एक लहान गाव. नाव सांगत नाही, कारण पुढे माझीच फजिती यायची आहे. तिथे वाफेच्या रेल्वेचं संग्रहालय आहे आणि ते सगळं स्वयंसेवक चालवतात. तिकीट फाडणारा, इंजिन हाकणारा, फलाटावर झाडू मारणारा, सगळे हौशी, बिनपगारी. अशा रेल्वेंचं वेळापत्रक रंगांचं असतं, बरं का. कॅलेंडरवर निळा चौकोन म्हणजे अमुक वेळच्या गाड्या, पिवळा म्हणजे तमुक वेळच्या. आणि कोरा चौकोन म्हणजे त्या दिवशी गाडीच नाही. मी त्या कोऱ्या चौकोनाला पांढरा रंग समजले.

तर मंगळवारी सकाळी दहाला आम्ही दोघं त्या स्टेशनवर हजर. हे म्हणाले, ‘‘कुणी दिसत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘लवकर आलोय आपण.’’ पावणेअकरापर्यंत आम्ही लवकरच होतो.

शेवटी शेडमधून एक गृहस्थ बाहेर आले. हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी सांगितलं, आज गाडी नाही, आज मंगळवारची टोळी आहे. म्हणजे मधल्या वारी येऊन दुरुस्ती करणारे म्हातारे. एवढ्या लांबून आलेली बाई बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी आम्हाला आत नेलं, मगभर चहा दिला आणि विचारलं, हात काळे करायची तयारी आहे का? यांनी पेपर उघडला. मी साडीवर बॉयलर सूट चढवला. हसू नका, आत गेली सगळी साडी.

हे गृहस्थ निवृत्त दंतवैद्य होते. इंजिनाच्या बॉयलरमध्ये आडव्या नळ्या असतात, त्यांतून भट्टीतला धूर आणि धग जाते, आणि नळ्यांभोवतीचं पाणी तापतं. नळ्यांत काजळी साठते, ती लांब दांड्याच्या ब्रशने काढावी लागते. दंतवैद्य म्हणाले, ‘‘चाळीस वर्षं हेच केलं. फरक इतकाच, ही तक्रार करत नाही.’’ इंजिनाला तिकडेही स्त्रीलिंगीच बोलतात. आपण ‘ते इंजिन’ म्हणतो. माझ्या मते आपलं चुकतंय, पण तो विषय वेगळा.

मला काम मिळालं दांडे पुसायचं. चाकांना फिरवणारे ते लांब पोलादी दांडे असतात ना, ते रॉकेलच्या बोळ्याने पुसायचे. तेल आणि धूळ मिळून जो चिकटा होतो त्याखाली भेग गेली तर दिसत नाही, म्हणून स्वच्छता. नटवायचं म्हणून नाही. मी मन लावून पुसत होते. एका नटाशेजारी खडूची पांढरी रेघ होती, अर्धी नटावर, अर्धी दांड्यावर. मी म्हटलं, कुणा पोराने ओढली असेल. पुसून टाकली. छान निघाली.

दंतवैद्य आले. चष्मा लावला. त्या नटाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘‘इथे एक रेघ होती.’’ मी अभिमानाने म्हटलं, ‘‘होती. काढली मी.’’

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. चौघं म्हातारे भोवती गोळा झाले आणि नटाकडे बघत उभे राहिले, घरात कुणी आजारी असावं तसे. मग मोठा पाना आला. नट पुन्हा तपासला, पुन्हा आवळला, आणि पुन्हा रेघ ओढली. अर्धा तास गेला. ती रेघ होती राखणदार. नट कणभर सरला तरी रेघ तुटते, आणि शेजारून चालत जाणाऱ्यालाही ते दिसतं. मी विचारलं, हे रजिस्टरमध्ये का लिहीत नाही? लिहिलेलं होतंच की! ‘तपासले’ असं, सहीसकट. पण तेवढाच एक नट सारखा ढिला होतो, ही त्याची खोड, ती कुठे लिहिलेली नव्हती. ती त्या खडूत होती, आणि खडू लावणाऱ्याच्या डोक्यात.

या रेघेवरून आता माझ्या लाडक्या गोष्टीकडे येते. अध्यक्ष घड्याळ बघतायत, पण ही सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

वेल्समध्ये टॅलिलिन रेल्वे आहे. वेल्श लोक त्या नावाचा उच्चार जिभेच्या कडेने फुंकर घालून करतात, मला जमत नाही. डोंगरातल्या पाटीच्या दगडाच्या खाणीतून माल समुद्रकाठी आणायला 1865 साली कायदा करून ती बांधली. रुळांतलं अंतर 2 फूट 3 इंच, हेही जगावेगळंच. तपासणीला सरकारी अधिकारी आला तेव्हा लक्षात आलं की पुलाखाली डबा आणि भिंत यांच्यात पुरेशी जागाच सुटत नाही. आता पूल कोण पाडणार? त्यांनी पुलाखालचे रूळ एका बाजूला सरकवले आणि डब्यांची एका अंगाची दारं कायमची बंद करून टाकली. संपला प्रश्न! इंजिनिअरिंग कॉलेजात हे शिकवत नाहीत.

1946 मध्ये खाण बंद पडली. मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी सांगितलं होतं, मी आहे तोवर गाडी चालेल. ते 1950 च्या जुलैत गेले. ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमला हौशी लोकांची सभा भरली, आणि 1951 च्या मे महिन्यात स्वयंसेवकांनी गाडी सुरू केली. जगात असं पहिल्यांदाच झालं. मी पाहिलेल्या त्या संग्रहालयासारखी जी शेकडो आहेत, त्यांची ही आजी.

चालू इंजिन होतं एकच, डॉलगॉक, वय पंच्याऐंशीच्या घरात. म्हणून शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं विकत घेतली. रुळांतलं अंतर तेच, 2 फूट 3 इंच, काळजीच नको. त्यातलं एक रुळावर चढवलं. घसरलं. उचलून ठेवलं. पुन्हा घसरलं. सरळ दोन रुळांच्या मध्ये जाऊन बसायचं. मग मोजपट्टी लावली, तर रूळ ठरल्यापेक्षा साधारण अर्धा इंच रुंद निघाले. ढिलाई? गलथानपणा? नाही! जुन्या कंपनीने ते मुद्दाम केलं होतं. त्यांच्या जुन्या इंजिनाच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जास्त, वळणावर ते आखडू नये म्हणून रूळ सैल ठेवलेले. आणि जुन्या दोन्ही इंजिनांची चाकं रुंद, त्यामुळे सैल रुळांवरही ती टिकून राहायची. नव्या पाहुण्याची चाकं अरुंद, तो पडला मध्ये. कागदावर 2 फूट 3 इंच, जमिनीवर अर्धा इंच जास्त.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ बरं. मग मूळ विषय.

चालवावं की जपावं? माझे सहा मुद्दे होते, दोन सांगते. पहिला, न चालवण्याच्या बाजूचा, आणि तो खोटा नाही. प्रत्येक फेरी धातू खाते. चाकांचे पट्टे बदलतात, नळ्या बदलतात, साधारण दर दहा वर्षांनी बॉयलर सगळा उघडतात, कधी नवाच बसवतात. पन्नास वर्षांनी मूळचं किती उरलं, हे विचारणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. त्यात कोळसा. वेल्समधली फोस-य-फ्रान ही उघडी खाण 2023 मध्ये बंद झाली, आता त्या रेल्वेंना दूरदेशीचा नाहीतर कारखान्यात थापलेला कोळसा जाळावा लागतो. काचेआड ठेवलेल्या इंजिनाला यातलं काहीच लागत नाही.

दुसरा मुद्दा. इंजेक्टर नावाची एक वस्तू असते, 1858 साली जिफार नावाच्या फ्रेंच माणसाने काढलेली. बॉयलरचीच वाफ घेऊन त्याच बॉयलरात, आतल्या दाबाविरुद्ध, पाणी घुसवते. ऐकायला लबाडी वाटते, पण चालतं. पाणी नीट शिरू लागलं की तिचा सूर बदलतो, तिकडे म्हणतात ती ‘गाते’. फायरमन कोळसा टाकता टाकता पाठमोरा तो सूर ऐकत असतो. दांड्याचं बेअरिंग तापलंय का, हे तळव्याने नाही, हाताच्या मागच्या बाजूने बघायचं, हेही त्या दंतवैद्यांनी दाखवलं. हे थंड इंजिनावर कसं शिकवणार? म्हणून माझं म्हणणं, एका जातीची दोन इंजिनं असतील तर एक न हलवता ठेवा, धातूसाठी. दुसरं झिजू द्या, हातांसाठी. एकच असेल तर... तो माझा तिसरा मुद्दा होता, आणि त्याच्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

दुसरी चिठ्ठी. थांबते. कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगते, त्या गाडीत मी बसले नाही. निळा दिवस शनिवारी होता आणि आमचं विमान शुक्रवारी. विमान सोडून द्यावं असं मी सुचवून पाहिलं. तेव्हापासून आमच्याकडे वेळापत्रकं हे वाचतात.