दोन जाळ्या, थोडा पीळ आणि प्रकाशाची फिरकी

नमस्कार! हा बघा थ्रीडी सिनेमाचा चष्मा, वर्तुळाकार ध्रुवीकरणाच्या काचांचा. मी तो घालून आरशासमोर उभा राहतो आणि एक डोळा मिटतो. (कॅमेरा आरशाकडे) दिसलं? मिटलेला डोळा आरशात दिसतोय, पण उघड्या डोळ्यावरची काच काळीकुट्ट!

असं का? प्रकाश पुढे जाताना त्याचं विद्युत क्षेत्र मळसूत्रासारखं फिरत जाऊ शकतं, उजवं किंवा डावं. हेच वर्तुळाकार ध्रुवीकरण. एका काचेतून एकाच फिरकीचा प्रकाश बाहेर पडतो. आरशावर आपटला की उजव्याचा डावा होतो, मग तीच काच त्याला परत आत घेत नाही. आणि ही फिरकी अगदी खरीखुरी आहे बरं का. १९३६ साली भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड बेथ यांनी बारीक तंतूला टांगलेली क्वार्ट्झची चकती नुसत्या प्रकाशानं पिळवटून दाखवली!

आता या दोन फिरक्या वेगळ्या कशा करायच्या? (जाळी दाखवत) ही चौकोनी भोकांची जाळी. आरशात धरली तरी तशीच, त्यामुळे समोरून येणाऱ्या प्रकाशाचं उजवं-डावं तिला कळतच नाही. पण तिच्यावर दुसरी जाळी ठेवून जराशी फिरवली की... बघा, केवढी मोठी नक्षी उमटली! कोन कमी करत गेलो की ती आणखी मोठी होते. आणि आरशातली जोडी? ती उलट्या बाजूला फिरलेली. म्हणजे जाळी तीच, पदार्थ तोच, नुसत्या कोनानं उजवं-डावं जन्माला आलं.

मला भारावून टाकतो तो याचा इतिहास. १८६९ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रॉइश यांनी अभ्रकाचे पातळ पापुद्रे थोडे थोडे फिरवत एकावर एक रचले आणि त्या चवडीनं प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची दिशा, म्हणजे त्याचं विद्युत क्षेत्र ज्या दिशेत हेलकावतं ती, वळवली. १८९८ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी तागाच्या जुड्यांना पीळ देऊन विद्युतलहरींवर तेच करून दाखवलं. उजवा पीळ लहरींना एकीकडे वळवी, डावा दुसरीकडे. साधा ताग!

दृश्य प्रकाशासाठी मात्र भोकं काहीशे नॅनोमीटर अंतरावर लागतात, कारण त्याची तरंगलांबीच साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. दोन्ही थर, म्हणजे दोन्ही जाळ्या, तितकेच जवळ हवेत. लांब गेले की ते एकमेकांशी बोलेनासे होतात. म्हणून चिपवरच्या सूक्ष्म यंत्रणेनं कोन आणि थरांमधली फट दोन्ही बदलतात. एका बाजूला फिरवलं की एक फिरकी जास्त पार होते, उलट फिरवलं की दुसरी. औषधांचे कितीतरी रेणू असेच उजवे-डावे असतात, आणि ते ओळखायला असा प्रकाश उपयोगी पडतो.