पियानोवादक येतो, पियानो आपण द्यायचा असतो

नमस्कार, श्रोतेहो.

सतारवादक स्वतःची सतार घेऊन येतो, तबलजी आपली जोडी आणतो. पियानोवादक मात्र पोलंडहून येवो की जपानहून, रिकाम्या हातानं येतो. कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलेजानं जगभरातल्या पियानोवादकांची मैफलमाला भरवायची ठरवली, तर त्या कलाकाराची संध्याकाळ कशी जाईल हे यजमानानं दिलेल्या वाद्यावर ठरतं. म्हणून पैशाचा हिशेब मांडताना पहिली ओळ वाद्याची आणि ट्यूनरची, म्हणजे पियानोचे स्वर लावणाऱ्या कारागिराची असावी. फलक, फुलं, रंगमंचाची सजावट त्याच्या पुष्कळ खाली.

तीनचारशे खुर्च्यांच्या सभागृहाला साडेसहा ते साडेसात फुटांचा ग्रँड पियानो पुरतो. वजन साडेतीनशे-चारशे किलो. आत साधारण 230 तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण 18 ते 20 टन भरतो. हा ताण ओतीव लोखंडाची चौकट पेलते. पण आवाज मोठा करणारा साउंडबोर्ड लाकडाचा असतो, आणि बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते. पियानोला 40 ते 55 टक्के मानवते. दमट हवेत साउंडबोर्ड फुगतो, तारा वर उचलल्या जातात आणि स्वर चढतो. तोही सगळीकडे सारखा नाही. मधल्या सप्तकांत जास्त. बोटांनी दाबायच्या पट्ट्यांखालचं फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) फुगलं की दाबलेली पट्टी वर यायला वेळ लावते. उन्हाळ्याकडे हवा कोरडी झाली की उलट होतं, स्वर उतरतो. म्हणून मालेचे दिवस डिसेंबर-जानेवारीत धरावेत. फेब्रुवारीचा पहिला आठवडाही चालेल, त्यापुढे 19 तारखेच्या शिवजयंतीची तयारी आणि मिरवणुका असतात. पियानोच्या मैफलीत माइक नसतो, त्यामुळे रस्त्यावरचा ढोल थेट सभागृहात येतो. तारीख पक्की करण्याआधी शेजारच्या मंगल कार्यालयातले मुहूर्तही विचारून घ्यावेत.

मोठा पियानो पुण्या-मुंबईहून भाड्यानं आणायचा झाला, तर हमालांवर सोडून चालत नाही. झाकण काढायचं, पायानं दाबायच्या पेडलांचा सांगाडा काढायचा, मग खर्जाच्या बाजूचा पुढचा पाय. त्या बाजूनं वाद्य हळूहळू कलवून लांब सरळ कडेवर जाड फळीवर उभं करायचं आणि मगच उरलेले दोन पाय काढायचे. घोंगड्या गुंडाळून पट्ट्यांनी आवळायचं. उचलायला पाचसहा सरावलेले लोक हवेत. रंगमंचावर पोचल्यावर त्याच संध्याकाळी कार्यक्रम ठेवू नये. लाकडाला त्या हवेत निदान एक रात्र मिळाली पाहिजे, त्याआधी लावलेला स्वर टिकत नाही.

वातानुकूलन असेल तर ते आदल्या दिवसापासून एकाच तापमानावर चालू ठेवा. वीज वाचवायला कार्यक्रमाआधी तासभर यंत्र सुरू केलं, तर हवा झपाट्यानं कोरडी होते आणि दुपारी नीट लावलेला पियानो पहिल्याच रचनेत बेसूर होतो. दिव्यांचंही तसंच. तारांवर थेट पडणारा प्रखर दिवा पोलाद तापवतो, तार सैल पडते. ट्यूनर काम करत असताना कार्यक्रमातलेच दिवे लावून ठेवावेत.

ट्यूनरचा दिवस असा आखावा: सकाळी दोन-तीन तास स्वर लावणं, मग कलाकाराचा दोन-तीन तासांचा सराव, आणि प्रेक्षकांना आत सोडण्यापूर्वी पुन्हा पाऊण तास ट्यूनरचा. जोरकस सरावानं स्वर थोडे हलतात. वरच्या बहुतेक स्वरांना प्रत्येकी तीन तारा असतात; त्यातली एक जरी सरकली तरी आवाजात लाटा उठतात. हा शेवटचा पाऊण तास पाहुण्यांच्या चहापानाला देऊन टाकू नये. या वेळी सभागृहात झाडू, खुर्च्यांची ओढाताण, 'हॅलो, चेक' काहीही नको. ट्यूनर कानानं काम करतो.

उद्घाटनाचं एक सांगणं आहे. खंडेनवमीला वाद्यं पुजणारे आपण, पियानोलाही हळदकुंकू वाहावंसं वाटतं. ती पूड पट्ट्यांमधल्या फटींतून खाली जाते आणि तिथून काढायची म्हणजे पट्ट्या सुट्या कराव्या लागतात. पूजा वेगळ्या चौरंगावर करा. समई, हार, पाण्याची बाटली, श्रीफळ, यांतलं काही पियानोवर ठेवू नका. पाणी तारांना गंज आणतं, आणि वर ठेवलेली सुटी वस्तू ठरावीक स्वराला थरथरून आवाज करते. सत्कार आणि भाषणं सुरुवातीलाच उरकावीत.

कॉलेजच्या रंगमंचावर मागे जाड मखमली पडदा असतो, तो आवाज गिळतो. मागची भिंत पक्की असेल तर पडदा बाजूला करा, पियानो पुढे घ्या. पट्ट्यांची बाजू प्रेक्षकांच्या डावीकडे आणि झाकण पूर्ण उघडून प्रेक्षकांच्या दिशेनं. छताचे पंखे बंद.

आता ऐकण्याविषयी. शाहू महाराजांच्या दरबारी गायलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची परंपरा या शहरानं ऐकली आहे. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला पियानोचा शुद्ध गंधार किंचित चढा वाटेल. ती वाद्याची चूक नव्हे. पियानोत सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे गंधार तानपुऱ्यात उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट वर जातो. सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप, सप्तक 1200 सेंटचं. त्या बदल्यात कुठल्याही स्वराला षड्ज मानून वाजवता येतं आणि एकाच रचनेत वारंवार षड्ज बदलता येतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, या वाद्यात नाही. तेव्हा एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांकडे लक्ष द्या: कुठे ताण वाढतो, कुठे सुटतो.

ख्यालाच्या मैफलीत समेवर मनमोकळी दाद हवीच. इथे मात्र थोडं थांबा. पियानोचा स्वर वाजताक्षणीच विरायला लागतो, आणि वादक पेडलनं त्या विरण्याला आकार देत असतो. मध्येच आलेली 'वाह' नेमकी तीच जागा झाकते. बीथोव्हेनच्या 'मूनलाइट' सोनाटाचे तीन भाग आहेत: पहिला संथ, दुसरा छोटा नि हलका, तिसरा वादळी. तिसरा संपेपर्यंत टाळी नको. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक रचनेपुढे भागांची संख्या मराठीत छापली की नवख्या श्रोत्याचा गोंधळ होत नाही. उशिरा येणाऱ्यांना दोन रचनांच्या मध्येच आत सोडावं.

बसायचं कुठे? बोटं पाहायची असतील तर डावीकडे, पुढून पाचसहा रांगा सोडून. नुसतं ऐकायचं असेल तर मध्यभागी, जरा मागे. तिथे खर्ज आणि वरचे स्वर दोन्ही समतोल पोचतात.