सगळी झाकणं बंद झाल्यावर

बंदरात नांगरलेली यॉट कुणालाही आवडते. हॅच, म्हणजे डेकवरची झाकणं, उघडे, केबिनमध्ये वारा खेळतोय. पण तिची खरी पारख भर समुद्रात होते. ती एका अंगावर कललेली असते, डेकवरून पाणी वाहत असतं आणि झाडून सगळे हॅच बंद असतात. अशा वेळी आतल्या माणसांना हवा कुठून मिळते?

पुष्कळ यॉटींमध्ये याला उत्तरच नसतं. ओले कपडे, माणसांचा श्वास, पेटलेला स्टोव्ह... बघता बघता छताला थेंब लटकू लागतात. गाद्या ओलसर झाल्या तर सोसता येतं. स्टोव्हमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड मात्र दिसत नाही, त्याला वास नाही, आणि कोंदलेल्या केबिनमध्ये तो जीव घेतो.

यावरचा एक उपाय म्हणजे डेकवरची हवेची पेटी. ती आता जवळून बघा. १९३० साली पाण्यात उतरलेल्या ‘डोराड’ या यॉटचंच नाव तिला पडलंय. वर भोंग्यासारखं तोंड. त्यातून वाऱ्याबरोबर लाटेचं पाणीही शिरतं. पण केबिनमध्ये उतरणारी नळी भोंग्याच्या खाली नाही, बाजूला आहे, आणि पेटीच्या तळापासून चांगली वर उचललेली आहे. पाणी तळाशीच राहतं, कडेच्या भोकांतून परत डेकवर जातं. हवा तेवढी आत उतरते. हीच पेटी बुटकी केली, भोकं बारीक ठेवली, की पाणी थेट झोपलेल्या माणसाच्या अंगावर.

भोंग्याभोवती स्टीलची कमान असली तर दोर अडकत नाहीत, आणि चालताना धरायलाही होते. ती डेकच्या आरपार बोल्टने कसलेली हवी, नुसत्या स्क्रूवर नको.

कारण डेकच्या कडेने कठड्यासारख्या ताणलेल्या तारांवर भिस्त ठेवता येत नाही. खुल्या समुद्रातल्या शर्यतींसाठीही त्यांची किमान उंची साधारण ६०० मिलिमीटर धरतात. म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर! तोल गेला की माणूस त्यावरून उलटतो. म्हणून अंगावरचा सुरक्षा-दोर अडकवायचा पट्टा डेकच्या मध्याजवळून जायला हवा. तो कडेने नेला, तर पडलेला माणूस यॉटला बांधलेला असूनही पाण्यातच फरफटतो.

आणि केबिनचं दार. १९७९ च्या फास्टनेट या यॉटींच्या समुद्री शर्यतीत वादळाने १५ खलाशांचा बळी घेतला. काही यॉटी उलटल्या तेव्हा दाराच्या खाचांत बसवलेल्या सुट्या फळ्या निसटून गेल्या आणि आत पाणी घुसलं. या फळ्या जागच्या जागी अडकवता यायला हव्यात, आणि त्यांची कडी आतून तशीच बाहेरूनही उघडता आली पाहिजे.